मागच्या सीटचे स्पीकर

मास्तर म्हणजे शिकवणारे मास्तर नव्हेत, कापड कापणारे. जन्मभर लोकांचे कपडे बेतले आणि साठी उलटल्यावर दोन्ही अंगांना सामानाच्या पेट्या असलेली एक धिप्पाड जुनी मोटरसायकल घेऊन बसले. तिच्या पुढच्या काचेखाली दोन स्पीकर होते, त्यांतला एक मुका आणि दुसरा घसा बसलेला. मागे बसलेली बायको दर खेपेला कुरकुरायची, "पुढे तुमची गाणी, आणि माझ्या वाट्याला नुसता वारा. वा रे न्याय!"

ही बायको लेकीच्या बाळंतपणाला म्हणून परदेशी गेली ती तिकडचीच झाली. बाळ आता पळतं, बोलतं, आजीला हुकूम सोडतं. इकडे मास्तर एकट्यापुरता स्वयंपाक करतात, आणि तोही उरतो. कधी येतेस, एवढंच तिला विचारायचं होतं. पण रोज फोनवर घोडं तिथेच अडायचं. विचारलं आणि नाही म्हणाली तर? त्यापेक्षा न विचारलेलं काय वाईट!

मग अशा माणसाने काय करावं? सरळ विचारायचं सोडून मागच्या सीटसाठी स्पीकर घ्यायला निघाला!

दुकान भोंग्याचं. हे अर्थात लोकांनी ठेवलेलं नाव. गाड्यांना हॉर्न आणि स्पीकर बसवून बसवून तो साधं "या, बसा" सुद्धा ओरडून म्हणायचा. सकाळी गाडी त्याच्या ताब्यात देऊन मास्तर दुपारी परत आले, तेव्हा फळीवर स्पीकरच्या जोड्या मांडून तयार होत्या. मास्तरांना छातीत धडधडणारी जोडी आवडली.

"अहो, उभ्या गाडीवर सगळेच गोड वाजतात," भोंगा म्हणाला. "गाडी पळायला लागली की हा सगळा दणका वारा खाऊन टाकतो. गाण्यातले शब्द कळले पाहिजेत. हे घ्या, खणखणीत. आणि कागदी पडद्याचे तर नकोतच, एकदा भिजले की लगदा."

"मागे बसणाऱ्याला यातले कुठले बरे?"

"मागे कोण बसतं तुमच्या?"

"बायको," मास्तर ठसक्यात म्हणाले. "थांब, तिलाच विचारतो."

आणि खरंच लावला की फोन, तोही सगळ्यांना ऐकू जाईल असा! एकेका स्पीकरपुढे फोन धरून ते विचारू लागले, "हा पहिला. आता हा दुसरा. कुठला बरा?"

"अहो, दोन्ही सारखेच."

"असं कसं? नीट कान देऊन ऐक."

भोंग्याने कपाळाला हात लावला. "मास्तर, फोनवरून सगळे स्पीकर फोनसारखेच वाजणार ना!"

हे मास्तरांना कळत नव्हतं असं नाही. पण पलीकडून ती म्हणाली, "तो दुसरा पुन्हा लावा बरं," आणि यांनी पुन्हा लावला. मग तिसरा, मग परत पहिला. ती हसत होती, नावं ठेवत होती, "तुमच्या कानांचा काय भरवसा" म्हणत होती. मास्तरांना वाटलं, हे असंच चालू राहावं.

"ठरलं तर. हे खणखणीत तुझ्यासाठी मागे बसवतो."

तिचं हसू थांबलं.

"अहो, मागचे नका बसवू."

"का गं?"

"उगाच कशाला? तुमच्यापुरते पुढचे बसवा."

आता मात्र मास्तरांना विचारल्यावाचून गत्यंतर नव्हतं. "तू यायचीच नाहीस का?"

"लेकीचं माझ्यावाचून अडतं हो. मी इथेच राहायचं ठरवलंय. किती दिवस तोंडाशी येत होतं, पण तुम्ही रोज इतकं हसून बोलता... तुम्हीच या ना इकडे."

"तिथे येऊन करू काय? मला तू इथे हवी आहेस गं. आपल्या घरात. करमत नाही मला तुझ्याशिवाय."

तिला रडू आवरेना. मागून बाळ "आजी, चल ना" म्हणून ओरडत होतं. "ठेवते हं," म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

भोंग्याने सगळं ऐकलं होतं. दुकानच केवढंसं, ऐकू येणारच. तो म्हणाला, "मास्तर, मागच्या स्पीकरसाठी पेट्यांच्या झाकणांना भोकं पाडून झालीत. सकाळी तुम्हीच घाई केलीत. उघडी ठेवली तर पाणी शिरेल. पत्र्याच्या चकत्या लावून बुजवून टाकू?"

मास्तर पेट्यांपाशी गेले. एका भोकाच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. कड अजून खरखरीत होती.

"बुजवू नको. स्पीकर बसव. वायरही जोड."

"पण काकू तर म्हणाल्या की..."

"ऐकलं रे मी. बहिरा नाही झालो," मास्तर म्हणाले. "पण आलीच एखाद वेळी, तर मागे बसवून तिला काय ऐकवू?"