एका सेंटिमीटरचा फरक

तिसऱ्या खेपेला आभाळ निरभ्र, आणि बूट गायब.

पहिल्या वर्षी वादळ आलं. दुसऱ्या वर्षी नवऱ्याचा गुडघा आला. यंदा, चौसष्टावं सरायच्या आत, सुळक्यावर पाय ठेवायचाच असं ठरवून मित्सुए दोन दिवस चढून दोन हजार नऊशे मीटरवरच्या या निवाऱ्यात पोचली होती. उद्या पहाटे निघायचं. आणि आता दुपारी दोन वाजता पायात काय, तर निवाऱ्याच्या प्लास्टिकच्या सपाता. दारातल्या फळीवर तिच्यासारखेच चॉकलेटी बूट होते. त्याच कंपनीचे. फक्त एक सेंटिमीटर मोठे.

    दारावरची पाटी : बूट बदलले गेल्यास निवारा जबाबदार नाही.

तासभर ती त्या अनोळखी माणसाचा उद्धार करत राहिली. लोकांना स्वतःचे पाय ओळखता येत नाहीत, वगैरे. तोकुजीनं, म्हणजे नवऱ्यानं, दोन मोजे घालून बघ म्हटलं. निवारा चालवणारा ओगिसो म्हणाला, वर साखळ्या आहेत, शिड्या आहेत, सैल बुटात कुणालाही सोडणार नाही. मग त्यानं वही चाळली. जेवून खाली उतरलेला एकच जण होता, नागुमो नावाचा. खालच्या निवाऱ्याला वायरलेसवरून निरोप गेला.

मध्येच

(हे इथंच सांगायला हवं, कारण घडलं इथंच)

चौघांची टोळी आली. बूट काढले, वाटेल तसे टाकले, आत गेली. मित्सुएची बडबड चालूच होती. बोलता बोलता ती वाकली, चारही जोड उचलले, टाचा जुळवल्या, नाकं दाराकडे केली, ओळीनं लावले. जागा पुरेना, म्हणून आधीचे दोन जोड डावीकडे सरकवले.

हात तिथंच थांबला.

सकाळी आल्या आल्या तिनं हेच केलं होतं. अकरा जोड. माणूस घाईत आपली जागा लक्षात ठेवतो, बूट नाही. नागुमोच्या जागेवर तिनंच आपले बूट नेऊन ठेवले होते.

"अहो," ती हळूच म्हणाली.

"काय गं?"

"तो चोर मीच आहे."

तोकुजीनं हसू दाबलं, ते नाकातून निघालं. कुणाला सांगू नकोस, एवढंच तो म्हणाला, तोच वायरलेस खरखरला.

नागुमो माफी मागत होता. थांबतच नव्हता. उंचीमुळे पाय सुजलेत, म्हणून बूट आवळतायत असं त्याला वाटलं होतं. सगळी चूक आपली, दीड तासात वर घेऊन येतो, म्हणत होता.

मित्सुएनं फक्त गप्प बसायचं होतं. बूट आपल्या पायांनी वर येणार होते. खरं सांगितलं, आणि तो म्हणाला की मग बाई, तुम्हीच या खाली, तर उतरून पुन्हा चढण्यातच तिचे पाय संपणार होते. उद्याचा सुळकाही.

तिनं ओगिसोच्या हातातून माइक घेतला.

"नागुमोसान, चूक तुमची नाही. बूट मी हलवले. सगळ्यांचेच हलवले, सवय आहे मला. तुम्ही वर येऊ नका."

खरखर. 

"चूक कुणाचीही असो, बाई," पलीकडून आवाज आला, "बोटं माझी आहेत. ह्या बुटांत मी बसथांब्यापर्यंतही पोचत नाही. अर्ध्या वाटेवर या."

खालची वाट सोपी होती, शिड्या नव्हत्या. ओगिसोनं घड्याळ पाहिलं, पाचला जेवण आहे हे बजावलं, आणि सोडलं. नागुमोच्याच बुटांत, मोजे मात्र दोन.

बुटक्या पाइनच्या झुडपांतल्या वळणावर दोघं भेटले. दोघं वाकले. दोघांनी माफी मागितली. तिसऱ्यांदा वाकताना टोप्या एकमेकींवर आपटल्या, तेव्हा कुठं दोघं दगडावर टेकले. तिचे बूट आतून गरम होते.

नागुमो सकाळीच सुळक्यावर जाऊन आला होता.

"शेवटच्या शिडीला एकतीस पायऱ्या आहेत," तो नाडी बांधत म्हणाला. "मोजू नका. मी मोजल्या, आणि बाविसाव्या पायरीवर अडकलो."

"मग?"

"मग मागच्या बाईनं माझा उद्धार केला. चढलो."

मित्सुएनं नाड्या दोनदा ओढून बांधल्या आणि वर निघाली. निवाऱ्यापर्यंत ती पावलं मोजतच गेली, एक ते एकतीस, पुन्हा एक ते एकतीस, उद्याचे सगळे आकडे आजच संपवून टाकावेत तशी.