जाड्याचा खांदा

तीस वर्षं गिटार वाजवून हाती काय लागलं, असं कुणी विचारलं असतं तर त्याने डाव्या हाताच्या बोटांवरचे घट्टे पुढे केले असते. जॅझमध्ये रॉक मिसळून वाजवणारी त्यांची चौघांची मंडळी. ऐकणारे मूठभर, पण जीव ओवाळून टाकणारे. चार रेकॉर्ड निघाल्या. आता पाचवी निघत होती आणि तिच्यात पहिल्यांदाच त्याची स्वतःची रचना होती, अकरा मात्रांची. ती आज त्याच्या हातून वाजली नाही, तर पुन्हा कधी वाजणार नव्हती.

कारण त्याचे कान चालले होते. उजवा पुरता गेलेला, डावा निम्मा. हे त्याने बायकोपासूनही लपवलं होतं. निदान त्याची तशी समजूत होती. सूर तो दिवे लागणाऱ्या छोट्या यंत्रावर जुळवी. आणि सम? सम तो जाड्याच्या खांद्यावर बघे. ड्रमवाला जाड्या पहिल्या ठोक्याआधी डावा खांदा किंचित उचलायचा, अगदी न चुकता. चार वर्षं त्या खांद्याने त्याची अब्रू राखली.

आजवर सगळे एकाच खोलीत बसून रेकॉर्डिंग करायचे. या नव्या स्टुडिओत मात्र जाड्याला आतल्या बंद खोलीत, भिंतीआड बसवलं.

"आवाजात आवाज मिसळत नाही," रेकॉर्डिस्ट कौतुकाने म्हणाला. "हेडफोन लावा, सगळं स्वच्छ ऐकू येईल."

हेडफोनमध्ये त्याला पोत्यात भरलेल्या बटाट्यांसारखं काहीतरी गडगडताना ऐकू आलं. पहिल्या खेपेला तो दीड मात्रा उशिरा आला. दुसऱ्या खेपेला आधीच घुसला.

"अहो, हे अकराचं लचांड तुमचंच ना?" की-बोर्डवरचे मास्तर हसत म्हणाले. "आपल्याच लग्नात मांडव चुकल्यासारखं काय करताय?"

"जाड्याला बाहेर घेता येईल का?"

"माइक सगळे आत लागलेत," रेकॉर्डिस्टने मान हलवली.

तिसऱ्या खेपेनंतर मास्तर हसले नाहीत. जवळ येऊन, अगदी तोंडासमोर येऊन म्हणाले, "तुमचा भाग मी की-बोर्डवर वाजवून घेतो. रचनेवर नाव तुमचंच राहील हो."

तो बाहेर बाकावर येऊन बसला. मागोमाग जाड्या आला, समोर उकिडवा बसला.

"कधीपासून?"

"चार वर्षं."

"आणि मी समजत होतो, लेका, म्हातारपणी माझ्या प्रेमात पडलास. सारखा टक लावून बघायचास!"

दोघे हसले. हसू अर्ध्यातच संपलं.

"माझ्याच सिंबलच्या थाळीनं खाल्ला तुझा कान," जाड्या म्हणाला. "सव्वीस वर्षं तुझ्या उजव्या कानाशी बडवतोय."

"तुझा काय दोष? ती जागा मीच मागून घेतली होती. लय तिथे सगळ्यांत साफ ऐकू यायची."

आतून मास्तरांनी हाक मारली असावी, कारण जाड्या उठला. दार लागलं. दारापलीकडे त्याची रचना वाजत होती; बाकाच्या लाकडातून ती त्याच्या मांडीला लागत होती.

सकाळी सहाला गिटार हाती घ्यायचा नेम त्याने तापातही मोडला नव्हता. दुसऱ्या दिवशीही तो बसला. यंत्र स्टुडिओतच राहिलं होतं. हनुवटी लाकडाला टेकवून त्याने तारा छेडल्या. नुसती थरथर, सुराचा पत्ता नाही. दाराशी बायको उभी होती. तिचा कान पहिल्यापासून तिखट. तार उतरली की तिच्या कपाळाला आठी पडायची. त्याला धीर आला. खांदा नाही तर आठी! त्याने खुंटी जरा पिळली आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. आणखी पिळली. पुन्हा बघितलं.

ती हसत होती. तार कुठल्या कुठे गेली असेल, तरी ती तशीच, मायेने, हसत राहिली.