खोटा कावळा

चांगुणाची पाळी मनाला येईल तेव्हा यायची. कधी दोन-दोन महिने पत्ता नसायचा, कधी आली की जायचं नाव घ्यायची नाही. बाईची खाजगी गोष्ट, पण सासरी ती अख्ख्या आळीला ठाऊक होती. कारण कावळा शिवला की गोठ्याच्या पडवीत वेगळी ताटली घेऊन बसायचं, आणि ती पडवी रस्त्यावरून सरळ दिसायची. लग्नाला चार वर्षं होऊन कूस उजवली नव्हती. जिचा महिना धड नाही तिला पोर कुठून होणार, असं सासू गोजरबाई येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. कर्जतकडच्या एका पोरीचं नाव घरात निघायला लागलं होतं. नवरा सूर्यभान नागापूरला वर्कशॉपात कामाला. तो सणासुदीला यायचा आणि आईपुढं खाली मान घालून जेवायचा.

शेवटचा उपाय म्हणून श्रावणात गोजरबाईनं सुनेला तिसगावच्या राधाकृष्ण वैद्यांकडे नेलं. वैद्यांनी नाडी धरली सुनेची आणि प्रश्न विचारले सासूला. मग काळ्या तिळांचा गूळ घालून काढा सांगितला, शतावरीचं चूर्ण दुधातून घ्यायला सांगितलं. वर म्हणाले, पोटभर जेवावं, दुपारी जरा पडावं, जिवाला घोर लावून घेऊ नये. दूध घरातून विकायला जात होतं. दुपारी पडलेली सून गोजरबाईच्या डोळ्यांत खुपली असती. आणि घोर तर तिनंच लावलेला. राहिला काढा, तो तेवढा ती समोर उभी राहून पाजायची.

पहिल्या महिन्यात पाळी आली. गोजरबाईनं मोहट्याच्या देवीला नारळ फोडला आणि सुनेला सांगितलं, "अशी चार-सहा म्हैनं येळेवर आली, तर कर्जतचं नाव काढनार न्हाई."

पुढच्या महिन्यात पाळी आली नाही. चांगुणानं वाट पाहिली, काढ्याचा गाळसुद्धा चावून खाल्ला. शेवटी एका सकाळी तिनं ताटली उचलली आणि मुकाट पडवीत जाऊन बसली. पहाटे ओढ्यावर जाऊन कोरड्या चिंध्या धुतल्या, वाळत घातल्या. कुणाला काही कळलं नाही. खरं तर वैद्यांनी सांगितलेला आराम तिला त्या पडवीतच मिळाला. तिथं तिला कुणी काम सांगत नव्हतं.

दिवाळीला सूर्यभान आला तेव्हा आई खूश होती, म्हणून तोही मोकळा झाला. चार वर्षांत बोलला नव्हता एवढं तो त्या आठवड्यात चांगुणाशी बोलला. भाऊबीज करून नागापूरला गेला आणि मग रजा मिळेना म्हणून अडकून पडला.

दिवाळीआधी एकदा खरीच आलेली पाळी त्यानंतर पुन्हा गेली. जुनंच दुखणं, असं समजून चांगुणा मार्गशीर्षात पडवीत बसली, पौषातही बसली. गोजरबाई आळीभर वैद्यांचे गोडवे गात होती. संक्रांतीला काढ्याच्या वासानं चांगुणाला भडभडून उलटी झाली, ती दोन दिवस थांबेना. राहीबाई सुईण आली, पोट चाचपलं आणि हसून म्हणाली, "तिसरा सरत आलाय."

चांगुणाच्या जिवावरचं ओझं उतरलं. आता खोटं बसणं संपलं, एवढंच तिच्या मनात आलं. साखर आणायला उठलेली गोजरबाई मात्र मध्येच थांबली.

"तिसरा कसा? ह्या पौसात भाईर बसली हुती की ही. समद्या आळीनं बघितलंय. अन् माजा ल्योक दिवाळीपून घरी न्हाई."

राहीबाईनं शपथेवर सांगून पाहिलं. चांगुणानं पाय धरून खोटं बसल्याचं कबूल केलं. पण डोळ्यांनी पाहिलेला कावळा कोण खोटा मानणार? सूर्यभानला निरोप गेला. तो आला आणि पाणीसुद्धा न घेता तिच्यापुढं उभा राहिला.

"बसली हुतीस का न्हाई?"

"बसले हुते. पन आली नव्हती."

"आली नव्हती तर बसली कशाला?"

कर्जतच्या पोरीच्या भीतीनं, हे तिला सासूसमोर सांगता येईना. त्यालाही ते कळायला हवं होतं, पण आई दारात होती, आणि आई दारात असली की त्याला काहीच कळत नसे.

शेवटी सगळे तिसगावला गेले. आपला काढा हिला लागू पडलाच नाही, एवढं वैद्यांनी कबूल करावं, अशी चांगुणाची आशा होती. पण ओटीवर रोगी बसले होते आणि वैद्यांनी तिच्या पाळीची गोष्ट पंचक्रोशीत सांगितली होती. ते म्हणाले, "माझा काढा लागू पडला नाही असं आजवर झालं नाही. पाळी वेळेवर आली, म्हणूनच गर्भ राहिला." गोजरबाईला याहून जास्त काही ऐकायचं नव्हतं. तिथूनच चांगुणाची माहेरी रवानगी झाली.

आषाढात मुलगा झाला, चांगला भरलेला, पूर्ण दिवसांचा. आता तरी हिशेब लागेल म्हणून चांगुणाच्या आईनं माणूस धाडला. तो निरोप घेऊन परत आला: पौसानंतरचं हाय, सातव्या महिन्यात झालेलं असंल, आमचं न्हाई. सूर्यभानचं कर्जतच्या पोरीशी लग्न वैशाखातच लागलं होतं.

मुलगा रांगायला लागला तशी चांगुणाची पाळी सुरू झाली आणि महिन्याच्या महिन्याला यायला लागली. काढा नाही, चूर्ण नाही. पहिल्यांदा आली तेव्हा ती सवयीनं ताटली घेऊन बाहेर रस्त्याकडे तोंड करून बसली. आई चुलीपुढून उठून दारात आली.

"आता कुनाला दावायचंय, चांगू? ऊठ, प्वार रडतंय."