कांद्याच्या फुलांचा मध

मधाच्या बाबतीत बापाचं नाक म्हणेल ते खरं. उभा जन्म त्या धंद्यात गेला, पण मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या त्या निलगिरीखाली, नाहीतर संत्र्याच्या बागेत. पोराला वाटलं, आपण काहीतरी वेगळं करून दाखवू. बियाण्यासाठी राखलेला कांदा फुलोऱ्यावर आला होता, तिथे त्यानं पेट्या नेऊन ठेवल्या. मध निघाला रग्गड! पण पिंपाचं झाकण उघडलं आणि घरभर कांद्याचा भपकारा सुटला.

"हा मध आहे की फोडणी?" बाप सगळ्यांदेखत कडाडला. "पेट्या जावईबापूंना द्या. ह्याच्या हातून काही व्हायचं नाही."

झालं. पोरगा तडक घर सोडून गेला आणि टायरच्या दुकानात पंक्चर काढू लागला.

पुढे काही महिन्यांनी बाप अंथरुणाला खिळला, म्हणून तो भेटायला आला. मनात एकच आस होती, पेट्या परत मिळाव्यात. बापानं मधाचा चमचा पुढे केला.

"चाखून बघ. याला म्हणतात मध! जावईबापूंचा आहे. शिक जरा."

वास मंद, गोड, फुलांचा. पण चमचा भरला होता त्या कोपऱ्यातल्या निळ्या पिंपाकडे त्याची नजर गेली. झाकणाची तुटकी कडी त्यानं स्वतः तारेनं बांधली होती. आईनं ते पिंप फेकू दिलं नव्हतं, आणि मध मुरता मुरता कांद्याचा वास उडून गेला होता. तो असा उडतो हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, अगदी बापालाही नाही.

"बाबा, हा माझाच मध. तोच कांद्याचा!"

बाप हसता हसता खोकू लागला. "वा रे वा! पंक्चर काढता काढता थापा मारायलाही शिकलास? दुसऱ्याच्या कष्टांवर टेंभा मिरवतोस? लाज वाटते का काही?"

"दाजी, तुम्ही तरी सांगा ना."

बहिणीचा नवरा चहाच्या कपात बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "जाऊ द्या, बाबा. बोलू नका त्याला. आधीच वाईट वाटतंय बिचाऱ्याला."

पोराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं आईकडे पाहिलं. तिनं मान फिरवली. आजारी माणसापुढे आरडाओरडा तरी काय करणार? तो चपला घालू लागला.

"अरे थांब," बापाचा आवाज मऊ झाला. "आवडला ना मध? मग एक बाटली घेऊन जा. फक्त जावईबापूंना विचारून घे हो."