डावीकडचा दीड इंच

ती आली तेव्हा पट्टीसाहेब भिंतीवर बारा बायका लावत होते.

बाराही जगप्रसिद्ध. दोनदा नोबेल मिळवणारी शास्त्रज्ञ, अंतराळात गेलेली पहिली स्त्री, अंतराळयानाच्या मार्गाचं गणित हातानं तपासून देणारी गणिती, अशा ओळीनं. टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीला चाळीस वर्षं पूर्ण होत होती. पाणीपुरवठा कार्यालयानं प्रदर्शन भरवलं होतं आणि मुख्य अभियंता असलेल्या चीफ मॅडमच्या हुकमावरून व्हरांड्यात ‘आधुनिक इतिहासातील कर्तबगार स्त्रिया’ असा विभाग निघाला होता. तक्त्यांवरचा मजकूर पट्टीसाहेबांनी स्वतः जमवला, स्वतः लिहिला. अक्षर मोत्यासारखं. एक तक्ता केसभर तिरका गेला तर खिशातली सहा इंची स्टीलची पट्टी काढून ते तो सरळ करत. नाव पडलं ते त्या पट्टीवरून.

पट्टीसाहेब म्हणजे रेकॉर्ड रूमचे मालक. कागदोपत्री नुसते रेकॉर्डकीपर, पण सदतीस वर्षं एका खोलीची किल्ली ज्याच्याकडे असते, त्याला मालकच म्हणायचं. ‘आमच्याकडे असा कागद नाही’ हे वाक्य ते इतक्या समाधानानं उच्चारत, की ऐकणाऱ्याला वाटावं, कागद नसणं हेच कार्यालयाचं काम! निवृत्तीला तीन महिने उरले होते. टाकीवर नवी संगमरवरी पाटी बसायची होती आणि तिच्यावर सहा नावं होती. पाच टाकी बांधणाऱ्यांची. सहावं, अगदी तळाशी, ‘अभिलेख संकलन’ या शब्दांपुढे, खुद्द पट्टीसाहेबांचं. पाटी शुक्रवारी दुपारी कोरायला जाणार होती. आज बुधवार.

“पाटीचा मजकूर तुमच्याकडे आहे म्हणे?” बाईंनी विचारलं.

सत्तरी ओलांडलेली बाई. चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली, पाठ मात्र ताठ. नमस्कार नाही, की ‘जरा वेळ आहे का’ नाही. पट्टीसाहेबांनी मनातल्या मनात दोन गुण तिथंच कापले.

“आपण कोण?”

“त्या टाकीची आकडेमोड मी केली. पाटीवर माझं नाव नाही.”

शेजारच्या टेबलावरच्या दोन कारकुनांच्या माना वर आल्या. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

“टाकीची आकडेमोड तेव्हाच्या चीफसाहेबांनी केली. नकाशावर सही आहे त्यांची.”

“उजव्या कोपऱ्यात. मंजुरीची. मंजूर करणं म्हणजे करणं नव्हे. नाहीतर ‘जेवण छान झालंय’ म्हणणारा प्रत्येक जण स्वयंपाकी ठरला असता.”

पट्टीसाहेबांनी जुनं हजेरीपुस्तक काढलं. बोट फिरवलं. “तुम्ही अकरा वर्षं इथं होतात खऱ्या. हंगामी. पद ट्रेसर. म्हणजे नकाशे गिरवणारी. गिरवणाऱ्यांची नावं पाटीवर घालायची म्हटलं तर टाकीपेक्षा पाटी मोठी होईल, बाई.”

कारकून हसले. बाई हसल्या नाहीत.

“पद गिरवणारीचं होतं, काम आकडे मांडण्या-तपासण्याचं. पूर्वेकडची भिंत साहेबांनी जाडीला नऊ इंच कमी धरली होती. तिकडची माती भुसभुशीत आहे. मी तीन वेळा मांडून दाखवलं. ऐकेनात. शेवटी नकाशाच्या डाव्या समासात लिहिलं, भिंत वाढवा, नाहीतर मी सही करणार नाही. भिंत वाढली. तुम्ही रोज पाणी पिता ना? मग काढा नकाशा!”

नकाशा निघाला. मोठ्या टेबलावर पसरला. बाईंचं बोट पूर्वेच्या भिंतीवर आलं, तिथून डावीकडे सरकत गेलं, आणि कागदाच्या कडेवरून खाली टेबलावर उतरलं.

“इथं होतं,” त्या म्हणाल्या.

“इथं तर टेबल आहे!” पट्टीसाहेब म्हणाले.

आता कारकून मोठ्यानं हसले.

“कागद कापलाय हा. समास कुठं गेला?”

“समास कोराच असतो, बाई. नवी कपाटं आली, खण आखूड निघाले. डावीकडचा दीड इंच नियमानं कापला. सगळ्याच नकाशांचा.”

“कोणी?”

“कार्यालयानं.” ही कार्यालय नावाची व्यक्ती मोठी सोयीची. तिला हात असतात, पण ते पकडता येत नाहीत. पट्टीसाहेबांनी बाईंच्या अर्जावर सुरेख अक्षरात शेरा मारला: ‘मूळ नकाशावर अर्जदाराचे नाव आढळून येत नाही.’

बाईंनी शेरा दोनदा वाचला. “अक्षर चांगलं आहे. एवढ्या खोट्यासाठी एवढं चांगलं अक्षर वापरू नये.”

“खोटं? एक शब्द खोटा दाखवा त्यातला!”

“तेच तर. शब्द सगळे खरेच आहेत.”

जाताना त्या व्हरांड्यात थांबल्या. गणिती बाईचा तक्ता त्यांनी सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग मागं वळून म्हणाल्या, “हिला लावलंत ते बरं केलंत. ही अर्ज घेऊन येणार नाही.”

*

घरी पट्टीसाहेबांनी ही हकिगत जेवताना विनोद म्हणून सांगितली. “बोट गेलं थेट टेबलावर! मी म्हटलं, इथं तर टेबल आहे!” आणि बायकोच्या हसण्यासाठी त्यांनी जागा सोडली. ती जागा रिकामीच राहिली.

त्यांची बायको शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. हजारभर मुलांच्या सबबी तिनं कान उघडे ठेवून ऐकलेल्या. त्यात नवऱ्याची आणखी एक.

“त्या बाईंना बसायला खुर्ची दिलीत?”

“खुर्ची? भांडायला आली होती ती!”

“म्हणजे नाही. भिंतीवरच्या बाईचं हेच बरं असतं. तिला खुर्ची द्यावी लागत नाही. तुम्ही गेल्या आठवड्यात मला एक तक्ता वाचून दाखवलात. त्या शास्त्रज्ञ बाईंचा. पहिल्या नोबेलच्या वेळी काय झालं होतं?”

“तिचं नाव वगळायचं घाटत होतं. नवऱ्यानं आग्रह धरला, तेव्हा आलं.”

“वाचताना तुम्ही डोळ्यांना रुमाल लावलात. म्हणालात, काय नालायक लोक असतील! त्या लोकांनीही असाच एखादा शेरा मारला असणार. ‘नाव आढळून येत नाही.’ त्यांचंही अक्षर चांगलंच असेल.”

“तू माझी तुलना कोणाशी करतेस!”

“तुम्हीच हिशेब करा. शंभर वर्षांपूर्वीच्या अन्यायाला रडायला काय लागतं? एक रुमाल. आजचा निस्तरायला स्वतःचा शेरा खोडावा लागतो.”

“पण पुरावा नको? समासच नाही तर मी काय हवेतून आणू?”

“कापलेल्या पट्ट्यांचं काय केलंत मग? फेकल्यात?”

“फेकीन होय मी!” पट्टीसाहेब दुखावले. काटकसरीवर कुणी बोट ठेवलेलं त्यांना खपत नसे. “जाड कागद, पाठ कोरी करकरीत. सगळ्या पट्ट्या मी खणांच्या लेबलांना…”

वाक्य पुढं गेलंच नाही. बायकोनं ताटातली भाजी संपवली, त्यांच्याकडे न बघता. ‘कार्यालयानं कापला’ म्हणणारे ‘मी’ म्हणून मोकळे झाले होते, हे तिच्या लक्षात आलं होतं. गणिताची बाई ती.

आता वाचकहो, इथं आपला माणूस लगेच सुधारला असं मी लिहिलं असतं तर तुम्हालाही बरं वाटलं असतं. पण तसं झालं नाही. पट्टीसाहेब दिवाणखान्यात जाऊन भिंतीवरच्या चौकटीपुढे उभे राहिले. ‘नकाशांच्या उत्कृष्ट मांडणीबद्दल प्रशस्तिपत्र.’ नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मिळालेलं, त्याच कापाकापीबद्दल. लेबलं उलटायची म्हणजे मूळ नकाशे आपणच कापले हे कबूल करायचं. निवृत्तीला तीन महिने उरले असताना? एका तिरसट म्हातारीसाठी? त्यांनी ठरवलं, लेबलांना हात लावायचा नाही. ठरवलं आणि गुरुवारी सकाळी शिपायाच्या आधी जाऊन रेकॉर्ड रूमचं कुलूप काढलं. माणूस स्वतःला फसवतो, त्याचे पाय नाही फसत.

दोनशे बारा लेबलं. प्रत्येक पितळी चौकटीतून सरकवून काढायचं, उलटायचं, परत बसवायचं. ‘जलवाहिन्या.’ मागं कोरं. ‘पंपघर.’ मागं कोरं. दोनशे अकरा झाली. ‘पाहा, समास कोराच असतो,’ असं ते पुटपुटले आणि त्यांना हायसं वाटलं. नेमकं तेव्हाच शेवटच्या कपाटाचा तळाचा खण आला. त्यावर त्यांच्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: ‘किरकोळ.’

उलटलं.

‘पूर्वेकडची भिंत नऊ इंचांनी वाढवावी. आकडेमोड सोबत जोडली आहे. अन्यथा मी तपासणीची सही करणार नाही.’ खाली पूर्ण नाव. त्याखाली चीफसाहेबांची घाईतली खूण: ‘मान्य.’ आणि त्याखाली पुन्हा तेच पूर्ण नाव: ‘आता तपासले.’

छत्तीस वर्षं! छत्तीस वर्षं त्या बाईचं नाव त्या खोलीत होतं, आणि त्याच्या पाठीवर त्यांनी ‘किरकोळ’ लिहून ठेवलं होतं!

*

चीफ मॅडमच्या टेबलावर त्यांनी नकाशा पसरला आणि डाव्या कडेला लेबलाची ती कागदी पट्टी लावली. कापलेल्या दोन कडा दाताला दात लागावा तशा जुळल्या.

मॅडमनी वाचलं. चेहरा हलला नाही. “कुणी कापलं हे?”

“कार्या…” पट्टीसाहेब थांबले. “मी कापलं. शेरा पण मीच मारला. तो मागे घेतो.”

“तीन महिने राहिलेत तुमचे. चौकशी लागू शकते.”

“लागू दे.”

“हे बघा, मीही बाईच आहे. मला इथवर कुणी हात धरून आणलं नाही. म्हणून दर माणसी एक पाटी लावत बसायचं का? मजकूर ठरलाय. सहा ओळी. सातवीला दगडात जागा नाही.”

“बाहेर बारा बायका लावल्यात मॅडम, आणि आत एकीला जागा नाही?”

“आवाज खाली!”

“मग सहावी ओळ काढा!”

“कोणाची आहे ती?”

“माझी.”

मॅडमनी प्रथमच चष्मा काढला. सहाव्या ओळीवर रेघ मारली आणि कागद त्यांच्याकडे ढकलला. “नाव तुम्ही लिहा. अक्षर तुमचं चांगलं आहे.” त्या हसून म्हणाल्या की टोमणा मारून, हे पट्टीसाहेबांना आजवर कळलेलं नाही.

*

पाटी उघडली त्या दिवशी बाई आल्या. भाषणं संपेपर्यंत उभ्याच राहिल्या. या वेळी पट्टीसाहेबांनी खुर्ची आणली. बाईंनी ती बाजूला सारली, पाटीजवळ गेल्या, आणि सहाव्या ओळीवरून बोट फिरवलं. या खेपेला बोट घसरलं नाही.

“माफ करा बाई,” पट्टीसाहेब म्हणाले.

“नाही करणार. दगडावर नाव आलं म्हणून गेलेली वर्षं येत नाहीत.”

“ते… बरोबर आहे.”

“एक सांगा. माझं नाव लेबलामागं सापडलं म्हणे. ती लेबलं सगळी उलटून पाहिलीत, की माझं सापडल्यावर थांबलात?”

शेवटच्या कपाटातला शेवटचा खण होता खरा. पण पट्टीसाहेबांनी त्या गुरुवारी पाहिली होती ती फक्त बाहेरच्या खोलीतली लेबलं. आत आणखी दोन खोल्या होत्या.

“माझ्या टेबलाच्या डावी-उजवीकडे आणखी दोघी बसायच्या,” बाई म्हणाल्या. “एकीनं पंपघराचा पाया मांडला. दुसरीनं बोगद्याचा उतार. त्या आता अर्ज घेऊन यायच्या नाहीत. एक गेली, दुसरीला आठवत नाही.” आणि त्या टेकडी उतरू लागल्या. निरोप नाही, की आभार नाहीत.

पट्टीसाहेबांच्या निवृत्तीला तेव्हा ऐंशी दिवस होते. त्यांनी निरोपसमारंभ नको म्हणून कळवलं, डिंकाची बाटली घेतली आणि आतल्या खोलीचं कुलूप काढलं. शेवटच्या दिवसापर्यंत एकशे चाळीस नकाशांना त्यांनी त्यांचे समास परत चिकटवले. नावं निघाली तीन नव्हे, पाच. खणांना लेबलं आता साध्या कागदाची आहेत. अक्षर तेच.

नागरिकहो, थोर स्त्रियांच्या तसबिरी लावू नका असं मी म्हणत नाही. जरूर लावा, सरळ लावा. पण दूरच्या कर्तृत्वाला हार घालणारा हात जवळच्या कर्तृत्वाचा समास कापत असेल, तर तो हार नाही, ती पळवाट आहे. त्या सहाव्या ओळीतलं नाव मी इथं मुद्दामच दिलेलं नाही. तुमच्या कार्यालयात, कारखान्यात, शाळेत एखादी पाटी असेलच. तिच्यापुढे उभे राहा आणि विचारा, डावीकडचा दीड इंच कुठं गेला? आणि तो कोणी कापला, याचं उत्तर ‘कार्यालयानं’ असं देऊ नका!