भिवाने न ओढलेला कमरपट्टा

लांबी साडेचार फूट, रुंदी दोन इंच, एका टोकाला दातेरी बक्कल. मित्रांनो, एवढ्या माहितीवरून तुम्ही मला ओळखणार नाही, म्हणून सांगतो. मी आधाराचा कमरपट्टा आहे, आता बराच जुना. ज्याला एकट्याने उठवत नाही, त्याच्या कमरेला मला बांधतात आणि मला धरून त्याला उठायला मदत करतात.

माझा जन्म जालन्याचा. एमआयडीसीतल्या टेम्पोंच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या एका कारागिराने एका दुपारी आम्हा बारा भावंडांना शिवलं, प्रत्येक शिवण दुहेरी. त्यातला मी भोकरदनच्या प्रशिक्षण केंद्रात आलो. घरोघरी जाऊन आजारी माणसांची काळजी घेणारे सहायक तिथे तयार होतात.

आमच्या केंद्राचे नियम कडक. दहावी पास हवं. चारशे तासांचं शिक्षण, त्यातला महिनाभर दवाखान्यात. अंघोळ घालणं, घास भरवणं, नाडी मोजणं, अंथरुणावरच्या माणसाची कूस बदलणं. काय करायचं नाही हेही शिकावं लागतं: सुई टोचायची नाही, गोळी बदलायची नाही, शंका आली की कळवायचं. शेवटी बाहेरच्या परीक्षक येतात. नापास झालेल्याला आणखी एकच संधी मिळते.

शिकवायला निवृत्त परिचारिका बेबीनंदा सिस्टर. सरावाला तातेराव मास्तर. लकव्याने त्यांची डावी बाजू लुळी पडली होती, पण जीभ शाबूत होती. पोरं शिकतात तर शिकू द्या, म्हणून ते आपणहून पेशंट व्हायला यायचे आणि प्रत्येकाच्या चुका मोठ्याने मोजायचे.

अशा वर्गात भिवा आला आणि मला वाटलं, आता मला धरणारा तगडा हात मिळाला, माझे दिवस पालटले! पिंपळगाव रेणुकाईचा हा गडी भोकरदनच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, चौदा वर्षं हमाली करत होता. आजारी बापाची वर्षभर सेवा केल्यावर हेच काम करायचं त्याच्या मनाने घेतलं. त्यासाठी बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून तो तेहेतिसाव्या वर्षी दहावी पास झाला. हमालांच्या टोळीतली आपली जागाही दुसऱ्याला देऊन आला. इथे नापास झाला तर मोंढ्यातही त्याला जागा नव्हती.

पण परीक्षेत त्याने मला हातही लावला नाही. मास्तरांना पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसवायचं होतं. भिवाने त्यांच्या काखेत हात घातले, एका झटक्यात उचललं आणि खुर्चीत ठेवलं. चार सेकंद. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी पलंगाच्या दांडीवर तसाच लोंबकळत होतो.

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला होता. जरा दम घेऊन ते म्हणाले, "भिवा, मी काय सोयाबीनचं पोतं हाये का रे?"

परीक्षक बाईंनी त्या कामाचे शून्य गुण दिले. भिवा नापास झाला.

बेबीनंदा सिस्टर रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी भिवालाच पलंगावर बसवलं, त्याचा एक हात पोटाशी बांधला, डोळ्यांवर रुमाल बांधला आणि दोन मुलांना खूण केली. मुलांनी न सांगता त्याला उचललं. क्विंटलची पोती पेलणारा भिवा "अरे पाडताल, पाडताल" करत ओरडला.  रुमाल सोडल्यावर उठून त्याने मला दांडीवरून काढलं.

तो महिना काय सांगू! रोज तीस वेळा मी कुणाच्या ना कुणाच्या कमरेला. माझे काठ झिजले, बक्कलाचा रंग उडाला, पण मला कामाचं एवढं सुख कधी मिळालं नव्हतं.

दुसरी परीक्षा मंगळवारी, सकाळी साडेदहाला. वेळ बारा मिनिटं. भिवाने खुर्ची मास्तरांच्या धडधाकट बाजूला लावली, तिचे ब्रेक दाबले, मला सदऱ्यावरून बांधलं. मग समोर वाकून म्हणाला, "मास्तर, खुर्चीत बसायचंय. जोर तुमचा, आधार माझा. तुम्ही म्हणताल तवाच."

"मंग थांब," मास्तर म्हणाले. "माझी तयारी न्हाई झाली."

भिवा थांबला. एक मिनिट गेलं, दोन गेली. त्याची बोटं माझ्यावरच होती. एक झटका दिला असता तर काम झालं असतं. मग मास्तर आपल्याच जोरावर अर्धे वर आले आणि मध्येच धपकन खाली बसले. भिवाची मूठ आवळली. माझा धागा न् धागा ताणला गेला. आता हा ओढणार! पण मूठ हळूच सैल झाली. "घाई न्हाई, मास्तर," तो म्हणाला.

नवव्या मिनिटाला मास्तरांनी मान हलवली. दोघांनी मिळून तीन मोजले आणि मास्तर उठले. परीक्षक बाई आपली खुर्ची सोडून पुढे आल्या. भिवा ओढत तर नाही ना, याची त्यांना शंका होती. त्यांनी मास्तरांच्या पाठीशी माझ्यात दोन बोटं सरकवली. मी सैल होतो! मास्तरांचा भार मास्तरांच्याच पायांवर होता.

"बघा बाई, नीट बघा," मास्तर हसत म्हणाले. "मी उभा हाये."

बाईंनी बोटं काढून घेतली आणि तिथेच उभ्याने कागदावर गुण लिहिले. मास्तर खुर्चीत बसले तेव्हा अकरा मिनिटं झाली होती. भिवा पास झाला. इतरांच्या चुका मोजणाऱ्या मास्तरांच्या तोंडाला त्या दिवशी एकही चूक सापडली नाही.

मित्रांनो, सोमवारी नवी तुकडी येणार आहे आणि मी आतापासूनच अधीर झालो आहे. माझी एक विनंती आहे. मला दर महिन्याला उजेडात धरून बघा आणि शिवण उसवलेली दिसली तर खुशाल बाजूला ठेवा, मी रुसणार नाही. पण तुमच्या घरात कुणाला उठायला त्रास होत असेल, तर हात लावण्याआधी त्यांना सांगा, त्यांच्या होकाराची वाट पाहा आणि त्यांचे पाय जेवढं करू शकतात तेवढं त्यांना करू द्या.