एक्कावन्न रुपयांचा दगड

त्या दिवशी मळभ होतं. वारा पडलेला, कंपन्यांच्या बाजूचा धूर जागीच लोंबकळत राहिलेला. अशा हवेत दगडालाही घाम फुटतो. माझी पाठ भिंतीत ओली झाली होती, आणि नेमका त्याच दिवशी मला भिंतीतून काढायला गवंडी आला होता.

मी देणगीचा दगड. महाळुंग्याच्या पुढच्या एका गावात, भैरोबाच्या देवळात, दाराच्या उजव्या हाताला बसवलेला. माझ्या अंगावर अक्षरं आहेत, पण मला वाचता येत नाही. लोक वाचतात ते ऐकून ऐकून पाठ झालं. आबाजींच्या स्मरणार्थ, पत्नी गवराबाई, रुपये एक्कावन्न.

पाथरवटाने मला घासून सपाट केलं, छिन्नीने कोरलं. मला बसवलं त्या दिवशी गवराबाई समोर उभी होती. वाचता तिलाही येत नव्हतं. नवऱ्याचं नाव कुठं आहे ते तिने विचारून घेतलं आणि त्यावरून बोट फिरवलं. तेव्हा एक्कावन्न म्हटलं की माणसं वळून बघायची. मी आपला ताठ.

मग जमिनी कंपन्यांना गेल्या. माझ्या बाजूला ग्रॅनाइटच्या पाट्या आल्या, सोनेरी अक्षरांच्या. एक लाख, दोन लाख. सगळ्यात मोठी उद्धवरावांची, पाच लाखांची. शिफ्ट सुटलेली पोरं चपला काढता काढता मला वाचायची. एकजण म्हणाला, "भावा, एक्कावन्नात आपल्या दोघांचा वडापाव-चहा पण नाही होत." हसले बिचारे. त्यांचं काय चुकलं? मला मात्र वाटायचं, कुणीतरी मला उलटा करून भिंतीकडे तोंड करून बसवावं.

यंदा जीर्णोद्धार निघाला. उद्धवराव अध्यक्ष. कमिटीने ठरवलं, अकरा हजारांच्या खालच्या पाट्या मागच्या भिंतीला, पाण्याच्या टाकीशेजारी. हे कळल्यावर, गवंडी आला त्याच दिवशी, गवराबाईचा मुलगा गेनू आला. आता सत्तरीला टेकलाय. संगतीला नात हर्षाली, कॉलेजात जाणारी. आईचं नाव तेवढं पुढं राहू द्या, एवढंच तो उद्धवरावांना आणि कमिटीला म्हणत होता, तेही हळू.

हर्षाली म्हणाली, तेव्हाचे एक्कावन्न म्हणजे आजचे किती, ते तरी बघा. तिने मोबाइल काढला. महागाईच्या हिशेबाने दोन-अडीच हजार निघाले. गेनूची मान खाली गेली. मला मान असती तर माझीही गेली असती.

मग तिने सोन्याचा भाव लावला. तीसेक हजारांच्या घरात गेलं. मला जरा हुरूप आला. तेवढ्यात कमिटीतला एकजण म्हणाला, मग जमिनीच्या भावाने काढा की, कोटीत जाईल, सगळं देऊळच म्हातारीच्या नावाने करू. सगळे हसले. बाजारात बैलाचं तोंड उघडून दात बघतात, तसं वाटलं मला. घटकेत अडीच हजार, घटकेत कोटी. जिने दिले तिचं त्यात काहीच नाही.

हर्षालीने मोबाइल ठेवून दिला आणि आजोबांना विचारलं, पणजी तेव्हा काम काय करायची?

गेनू सांगत गेला. चाकणच्या बाजारात कांदा निवडायची. दिवसाला दीड रुपया. बाप गेला त्या साली महिन्याच्या वर तिने घरात पैसाच आणला नाही. मामाकडची बाजरी होती, तीच खाल्ली. "आमाला वाटायचं, यापारी पैसं देईना," गेनू म्हणाला. "तिच्या हाताच्या भाकरीला बी कांद्याचा वास यायचा."

एवढी वर्षं मी हा आकडा अंगावर वागवला आणि त्याचीच लाज धरून बसलो. तो तिच्या चौतीस दिवसांच्या मजुरीचा आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. ती लाज आता वेगळी झालीय, पण गेलेली नाही.

हर्षालीने सरळपणे विचारलं, "उद्धवतात्या, तुमचे पाच लाख किती दिवसांचे?"

टोमणा नव्हता तो. या वेळी कुणी हसलं नाही.

मी अजून दाराच्या उजव्या हातालाच आहे, आकडाही तोच. तुम्ही कधी आलात आणि मला वाचलंत, तर आजचे किती होतात ते नंतर बघा. आधी हे विचारा, की ते मिळवायला कुणाचे किती दिवस गेले.

उद्धवरावांनी त्या दिवशी गवंड्याला छिन्नी खाली ठेवायला सांगितलं. गेनूच्या घराला लागूनच त्यांचं घर, मधे एकच भिंत. ते येऊन देवळाच्या पायरीवर गेनूच्या शेजारी टेकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "माझं बी एका म्हैन्याचंच हाय, गेनू. कंपनीच्या पोरास्नी दिलेल्या खोल्यांचं भाडं. बसल्या जागी आल्यालं."